डोंगरात पन्नास मुलांचे रात्रीचे जेवण : नियोजन कसे करावे?

सांजवाट

आमच्या ठाण्यातील युवक मंडळाने डिसेंबरच्या अखेरीस रतनवाडी ते हरिश्चंद्रगड अशी चार दिवसांची पदभ्रमंती ठरवली आहे. नववी ते अकरावीची 48 मुले-मुली आणि 6 मोठी माणसे, असे आम्ही एकूण 54 जण असू. कसाऱ्यापर्यंत लोकल आणि तिथून जीपने रतनवाडी असा प्रवास आहे. गुरुवारी रतनगड पाहून मुक्काम रतनवाडीत, शुक्रवारी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला, शनिवारी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर, आणि रविवारी सकाळी पुन्हा पाचनईला उतरून परत, असा साधारण आराखडा आहे. पाठपिशव्या मुलांनी स्वतःच वाहायच्या आहेत.

सकाळचा नाश्ता आणि दुपारचे कोरडे खाणे यांची मला फारशी चिंता नाही. प्रश्न रात्रीच्या जेवणाचा आहे. आमच्या समितीत दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की एकच मोठे पातेले न्यावे आणि दोन-तीन जाणत्या माणसांनी सर्वांसाठी रांधावे. दुसऱ्या गटाला वाटते की मुलांच्या सहा तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीने आपापले शिजवून खावे. तूर्त ठरलेला बेत असा आहे : पहिल्या रात्री पावभाजी, दुसऱ्या रात्री पुलाव आणि टोमॅटोचे सार, तिसऱ्या रात्री गडावर मसालेभात आणि गुलाबजाम. ज्यांनी एवढ्या मोठ्या गटाचे जेवण डोंगरात केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आळशी_आचारी

गुलाबजामांचा पाक कोणाच्या पाठपिशवीत जाणार आहे, हे आधी ठरवा आणि त्या मुलाच्या आईवडिलांची लेखी परवानगी घ्या.

जुना_भटक्या

सांजवाट, तुमचा बेत घरच्या ओट्यापाशी उभे राहून केलेला आहे, असे स्पष्टच लिहितो. राग मानू नये. डोंगरातल्या जेवणाचा विचार पदार्थापासून सुरू करायचा नसतो. तिथे पाणी किती आणि किती अंतरावर आहे, इंधन काय मिळणार आहे आणि अंधार पडण्यापूर्वी हातात किती वेळ उरणार आहे, या तीन गोष्टी आधी कागदावर मांडाव्यात. पदार्थ त्यांतून आपोआप ठरतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचनईहून वर यायला मोठ्या गटाला तीन तास सहज लागतात, कारण गटाचा वेग हा सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाचा वेग असतो. तुम्ही साडेचारला वर पोहोचलात तरी जागा ठरवणे, तंबू लावणे आणि पाणी आणणे यांत दीड तास जातो, आणि चूल पेटते तेव्हा कांदा चिरणाऱ्याच्या कपाळावर विजेरी लागलेली असते.

पावभाजी हा पदार्थ या तिन्ही कसोट्यांवर नापास होतो. चौपन्न माणसांना प्रत्येकी चार पाव धरले तरी 216 पाव होतात. ते वजनाला हलके असले तरी आकाराने अवाढव्य असतात आणि पाठपिशवीत दाबले गेले की त्यांची लादी उरत नाही, लगदा होतो. भाजीचे बटाटे-टोमॅटो म्हणजे बहुतांश पाणीच तुम्ही डोंगरावर चढवत आहात.

गणिताचे_सर

वरील मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. मुगाच्या डाळीची खिचडी गृहीत धरू. चालून दमलेल्या वाढत्या वयाच्या मुलांना माणशी 80 ग्रॅम तांदूळ आणि 40 ग्रॅम डाळ पुरते, मात्र सोबत आधी गरम सूप आणि ताटात पापड, लोणचे, शेंगदाण्याची चटणी असे काहीतरी असावे. 54 जणांसाठी तांदूळ सव्वाचार किलोच्या थोडे वर आणि डाळ सव्वादोन किलोच्या आत, म्हणजे एकत्र साधारण साडेसहा किलो कोरडा शिधा झाला. सैलसर खिचडीला किलोमागे चार लिटर पाणी धरले तर 26 लिटर पाणी नुसत्या शिजवण्यालाच लागते. तयार खिचडी तीस-बत्तीस किलोच्या घरात जाते. तिच्यासाठी चाळीस लिटरचे पातेले हवे, कारण उकळी आल्यावर वर मोकळी जागा लागते.

मिठाबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण मोठ्या स्वयंपाकात सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. घरी आपण चार जणांसाठी अंदाजाने मीठ घालतो आणि तोच हात चौपन्न जणांना लावायला गेला की एक तर जेवण अळणी होते किंवा कोणी घाबरून दुसऱ्यांदा मूठ टाकतो. माणशी 5 ग्रॅम, म्हणजे एकूण 270 ग्रॅम मीठ घरीच वजन करून पुडीत बांधावे. त्यातील तीन चतुर्थांश सुरुवातीला घालावे आणि उरलेले चव पाहून एकाच माणसाने घालावे. तो माणूस कोण, हे आधी जाहीर करावे.

मीठभाकर

मी अकोले तालुक्यातलीच आहे आणि या वाटेवरच्या गावांशी माझे येणे-जाणे आहे, म्हणून लिहिते. पहिल्या दोन रात्री तुम्ही गावात मुक्कामाला आहात, तर तिथे स्वतः रांधण्याचा अट्टहास कशासाठी? रतनवाडीत आणि कुमशेतमध्ये आधी कळवले तर घरोघरी जेवणाची सोय होते आणि चार पैसे गावात राहतात. मात्र शहरातली मंडळी फोनवर सहजपणे सांगतात की "पन्नास जणांना पिठले-भाकरी करून ठेवा", त्यांना त्या वाक्याचा अर्थ कळत नाही.

हिशेब सांगते. पीठ मळून, थापून, तव्यावर टाकून, पाणी फिरवून, उलटून आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवून एक भाकरी निघायला हातखंडा बाईलाही तीन मिनिटे लागतात. एक भाकरी तव्यावर असताना दुसरी परातीत थापली जाते, हे धरूनच तीन मिनिटे म्हणते आहे. म्हणजे तासाला वीस. तुमच्या 54 जणांना सरासरी दोन धरल्या तर 108 भाकऱ्या, आणि एका चुलीवर साडेपाच तास. ती बाई दुपारी दोनला चुलीपुढे बसेल तेव्हा कुठे तुम्ही साडेसातला जेवाल, आणि पहिल्या भाकऱ्या तोवर वातड झालेल्या असतील. म्हणून एका घरावर सगळा भार टाकू नये. चार-पाच घरांत मुले वाटून द्यावीत, माणशी एकच भाकरी सांगावी आणि पोट भरायला भात-आमटी भरपूर सांगावी. दर आधी ठरवावा, निम्मे पैसे आधी द्यावेत आणि येणाऱ्यांची संख्या बदलली तर दोन दिवस अगोदर कळवावे. मागच्या हंगामात एका गटाने साठ जणांचे जेवण सांगितले आणि ऐनवेळी पस्तीस जण आले. उरलेल्या पंचवीस जणांच्या अन्नाचे पैसे मागितले तेव्हा त्यांनी घासाघीस केली. असे कृपया करू नये.

रानपाखरू

मीठभाकरताई, तुमचा भाकरीचा हिशेब वाचून यापुढे गडावर तिसरी भाकरी मागताना माझा हात आखडणार आहे.

तोलारखिंड

ताईंच्या म्हणण्याला अनुमोदन आहे, परंतु एक मतभेद नोंदवतो. मुलांनी डोंगरात जाऊन तिन्ही रात्री आयते जेवायचे असेल तर त्यांनी सहलीला जावे. दिवसभर चालल्यानंतर आपल्या हाताने, वाऱ्यापावसात, जिवाला कंटाळा आलेला असताना दहा जणांसाठी भात शिजवणे हे पदभ्रमंतीतले फार मोठे शिक्षण आहे. ज्या मुलाने घरी कधी गॅस पेटवलेला नाही, तो आपल्या तुकडीसाठी खिचडी करतो आणि ती थोडी करपली तरी सगळे मिळून खातात, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून किमान एक रात्र तरी सहा तुकड्यांनी स्वतः रांधावे या पक्षाचा मी आहे.

एडिसनचा_बाबा

मी न्यू जर्सीत राहतो आणि मुलांच्या स्काउट तुकडीबरोबर स्वयंसेवक म्हणून जातो. इकडे तुकड्यांची पद्धत रुळलेली आहे. सहा-आठ मुलांची एक तुकडी आपला बेत ठरवते, आपणच खरेदी करते, आपणच शिजवते आणि आपणच भांडी घासते. मोठी माणसे वेगळे शिजवतात आणि मुलांच्या पातेल्यात नाक खुपसत नाहीत. न्यू मेक्सिकोतील फिलमाँट या स्काउटांच्या विस्तीर्ण मुलुखातही गट लहानच ठेवतात आणि रात्रीचे जेवण नुसते उकळते पाणी घालून होणाऱ्या कोरड्या शिध्याचे असते.

यानिमित्ताने एक प्रश्न विचारावासा वाटतो. कॅलिफोर्नियातील योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात वाटेवरून जाणाऱ्या गटाला पंधरा जणांची मर्यादा आहे. चौपन्न जणांनी एकाच रात्री एका गडावर मुक्काम करणे योग्य आहे का? जेवणाची अडचण ही मुळात संख्येची अडचण नाही ना?

जुना_भटक्या

एडिसनचा बाबा, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. इथे मंडळाला वर्षातून एकदाच मोठ्या सुट्टीत मुले नेता येतात, बरोबर येणारी जाणती माणसे मोजकी असतात आणि खर्चही वाटून घ्यावा लागतो. तरीही दोन गटांनी एका दिवसाच्या अंतराने तीच वाट चालावी, हा पर्याय सांजवाट यांनी अवश्य तपासावा. सत्तावीस जणांचे जेवण हे चौपन्न जणांच्या जेवणाच्या निम्म्याहून बरेच कमी कष्टाचे असते, कारण पंचवीस-तीस जणांची खिचडी एका मध्यम पातेल्यात आणि एका शेगडीवर निभावते; त्यापुढे सगळेच अवजड होत जाते.

ऊर्मिला_नाशिक

तुकड्यांनी वेगवेगळे शिजवावे या सूचनेत सुरक्षिततेचा विचार दिसत नाही. मी परिचारिका आहे आणि भाजलेली मुले पाहिलेली आहेत. डब्यावर थेट बसणाऱ्या लहान गॅस-शेगडीचा पाया अरुंद असतो आणि तिच्यावर नऊ जणांचे पातेले ठेवले की ते वरून जड होऊन डोलते. डोंगरावर सपाट जागा मिळत नाही, अंधार असतो, आजूबाजूला मुले धावत असतात. साडेपाच लिटर उकळती खिचडी मांडीवर सांडणे म्हणजे काय, हे लिहून सांगण्याची गरज नाही, आणि गडावरून रुग्णालय किती तासांवर आहे, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

यासोबत आणखी तीन सूचना करते. वारा अडवण्यासाठी अशा शेगडीला चोहोबाजूंनी पत्र्याचा घट्ट आडोसा करू नये, कारण खालचा डबा तापतो आणि फुटू शकतो. तंबूत किंवा तंबूच्या दाराशी शेगडी पेटवू नये, कारण आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो. शिजवणाऱ्या मुलांनी मांडी घालून न बसता उकिडवे बसावे, म्हणजे पातेले कलंडले तर पटकन मागे सरकता येते.

तोलारखिंड

ऊर्मिलाताई, लहान शेगडीचा मुद्दा मान्य आहे. नऊ जणांसाठी ती योग्य नाहीच. बुटकी आणि रुंद बैठकीची, नळीने जोडलेली शेगडी वापरावी आणि प्रत्येक शेगडीपाशी एक मोठे माणूस बसवावे, असे सुचवतो. सहा तुकड्या आणि सहा मोठी माणसे, हे गणित आयतेच जुळते आहे.

कातळकडा

इंधनाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ही मंडळी कसारा लोकलने येणार आहेत. रेल्वेत गॅसचा सिलिंडर, रॉकेल किंवा तत्सम ज्वालाग्राही पदार्थ नेण्यास बंदी आहे, आणि ती बंदी लहान डब्यांनाही तशीच लागू आहे असे समजून चालावे. त्यामुळे ठाण्याहून गॅस नेण्याचा विचार सोडून द्यावा. पाच किलोचा सिलिंडर भरलेला असताना लोखंडासकट बारा किलोच्या आसपास भरतो. तो गावातून भाड्याने घ्यावा आणि गड चढवण्यासाठी गावातल्याच माणसाला योग्य मजुरी द्यावी. चौपन्न जणांची खिचडी, सूप आणि सकाळचा चहा मिळून एक ते दीड किलो गॅस धरावा. उघड्या वाऱ्यात तो याहून जास्त लागतो.

तीन दगड मांडून सरपण गोळा करण्याचा मोह टाळावा. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तिसाव्या कलमानुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे किंवा जळती सोडणे हा गुन्हा आहे, आणि डिसेंबरात गवत वाळून कोळ झालेले असते. लेण्यांमध्ये तर चूल मुळीच पेटवू नये. छतावर धरलेली काजळी कोणी पुसायला येत नाही.

रानपाखरू

उंचीमुळे अन्न शिजायला वेळ लागतो असे वाचले आहे. त्यासाठी कुकर न्यावा लागेल का?

गणिताचे_सर

हरिश्चंद्रगडाचे सर्वोच्च टोक 1424 मीटरवर आहे आणि मुक्कामाची जागा त्याच्याही खाली आहे. तिथे पाणी साधारण 95 ते 96 अंशांना उकळते, त्यामुळे फरक पडतो तो थोडा वेळ वाढण्यापुरता. हिमालयात चार हजार मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपास उकळते. तिथे तुरीची डाळ कुकरशिवाय शिजवत बसणे व्यर्थ आहे. सह्याद्रीत खरा शत्रू उंची नसून वारा आहे, आणि त्याला उत्तर म्हणजे आडोशाची जागा आणि घट्ट झाकण. तुरीऐवजी मूग किंवा मसूर घ्यावी आणि पोहोचताच भिजत टाकावी, म्हणजे कुकरचे वजन वाचते.

आळशी_आचारी

आता माझे नाव विसरून गांभीर्याने लिहितो, कारण मोठ्या पातेल्याचा अनुभव मला आहे. चाळीस लिटरच्या पातेल्यात खिचडी शिजते कशी, हे एकदा नीट पाहण्यासारखे असते. पातळ बुडाच्या अॅल्युमिनियमच्या पातेल्याखाली मोठी ज्योत लावली की मधोमध ताटाएवढा भाग आधी धरतो, वर मात्र तांदूळ अजून टचटचीत असतात. ढवळणारा वरवर डाव फिरवत राहतो आणि त्याला बुडाचा अंदाज येत नाही. लांब दांड्याचा सपाट उलथना तळाला टेकवून खरवडत फिरवला की हाताला समजते : तळ गुळगुळीत लागतो तोवर ठीक आहे, खरखरीत लागू लागला की ताबडतोब ज्योत बारीक करावी आणि त्यानंतर तळ अजिबात खरवडू नये, कारण धरलेला थर हलला की करपट वास सगळ्या खिचडीला लागतो. अशा वेळी वरची खिचडी अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी. म्हणूनच एका मोठ्या पातेल्यापेक्षा वीस-वीस लिटरची दोन पातेली आणि दोन शेगड्या केव्हाही बऱ्या. एक पातेले बिघडले तरी निम्मा गट जेवतो आणि एक पातेले कांदा-लसूण न घालता करता येते.

आधी पाणी उकळून मग त्यात धान्य सोडावे. गार पाण्यात तांदूळ घालून अर्धा तास ताटकळत बसलात, तर वर लगदा आणि खाली कोळसा मिळतो.

मीठभाकर

आचारीबुवा, हे मात्र लाखमोलाचे लिहिलेत. त्याला घरून करून न्यायच्या तयारीची जोड देते. तांदूळ आणि डाळ घरीच निवडून, कोरडी भाजून, हळद, हिंग, धने-जिरे पूड आणि मोजलेले मीठ मिसळून पिशव्या भराव्यात. प्रत्येक पिशवीवर किती जणांची आणि किती पाण्याची, हे ठळक लिहावे. गडावर पाण्याने धुतलेले तांदूळ म्हणजे आणखी पाणी आणि आणखी वेळ, म्हणून धुऊन कडकडीत वाळवलेले तांदूळच न्यावेत. फोडणीसाठी तेल वेगळ्या घट्ट झाकणाच्या बाटलीत आणि ती बाटली आणखी एका पिशवीत घ्यावी. कांदा ताजा हवाच असेल तर थोडा न्या, नाहीतर उन्हात वाळवलेला कांदा उकळत्या पाण्यात फुलतो. सोयाबीनच्या वड्या हलक्या असतात आणि त्या मुलांना आवडतात.

खिचडी नको असेल तर कुळथाची पिठी आणि भात करावा. पिठी दहा मिनिटांत होते, भाजलेले पीठ फार जागा घेत नाही आणि थंडीत ती अंगाला लागते. मात्र शहरातली मुले कुळीथ खातात का, हे मला ठाऊक नाही.

रानपाखरू

माझ्या घरातली दोन मुले पिठीला "गरम माती" म्हणतात. आधी घरी सराव करून घ्यावा.

तोलारखिंड

माझी आवडती सूचना सुकटीची होती, परंतु एका तंबूत सहा मुले आणि त्यांतील दोन शाकाहारी, हे चित्र डोळ्यांसमोर येताच मागे घेतो.

ऊर्मिला_नाशिक

पथ्यांचा विषय निघालाच आहे तर तो हसण्यावारी नेऊ नये. नावनोंदणीच्या अर्जातच विचारावे : कोणाला शेंगदाण्याची, दुधाची किंवा अन्य कशाची अॅलर्जी आहे, कोणाला मधुमेह आहे, कोणी कांदा-लसूण किंवा जमिनीखालचे खात नाही, कोणी सूर्यास्तानंतर जेवत नाही. आपल्या चटण्या, पोहे, साबुदाणा, कोशिंबिरी, सगळ्यांत शेंगदाणा असतो, त्यामुळे गटात एकाला जरी त्याची अॅलर्जी असेल तरी पूर्ण शिध्यातून शेंगदाणा काढून टाकणे सोपे पडते; डाव आणि ताटल्या वेगळ्या ठेवण्याचे नियम अंधारात पाळले जात नाहीत.

उरलेल्या भाताविषयीही लिहिते. रात्रीचा उरलेला भात किंवा खिचडी झाकून ठेवून सकाळी फोडणी देऊन खाण्याची आपली घरची सवय डोंगरात नेऊ नये. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि तासन्‌तास कोमट राहिलेल्या मोठ्या पातेल्यात त्यांची वाढ होते. त्यातून तयार होणारे एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वीस किलो खिचडी घरच्या वाटीभर भातासारखी पटकन गार होत नाही. घरून उकडून नेलेले बटाटे, पनीर आणि दही-ताक यांनाही पाठपिशवीत जागा नसावी. वाढणाऱ्यांनी साबणाने हात धुतल्याशिवाय डावाला हात लावू नये.

कातळकडा

गडावर मंदिराच्या परिसरातील टाक्यांत पाणी मिळते, मात्र सूर्य मावळल्यानंतर त्यांच्या निसरड्या काठांवर मुलांना पाठवू नये. पोहोचल्याबरोबर, दम खाण्यापूर्वीच, प्रत्येकाने आपल्या दोन बाटल्या भरून स्वयंपाकाच्या जागी आणाव्यात. चौपन्न जणांनी प्रत्येकी दोन लिटर आणले की शंभर लिटरच्या वर पाणी एका फेरीत जमते आणि पुन्हा कोणाला उठावे लागत नाही. पिण्याचे पाणी उकळावे किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून ठरलेला वेळ थांबावे.

भांडी टाक्यांवर घासणे हा या सगळ्यांतला सर्वांत निंद्य प्रकार आहे. पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जावे, आधी भाताची शिते बोटाने पुसून कचऱ्याच्या पिशवीत घ्यावीत, माती किंवा राखेने भांडे घासावे आणि थोड्याच पाण्याने विसळावे. शिते आणि उष्टे तिथेच फेकले तर माकडे येतात आणि पुढच्या गटाच्या पिशव्या फाडतात.

एडिसनचा_बाबा

आमच्याकडे माकडांच्या जागी अस्वले येतात, म्हणून अन्न कडक झाकणाच्या डब्यात बंद करून झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावे लागते. माकड परवडले असे तुम्हाला वाटत असेल, तर मला तसे वाटत नाही; अस्वल निदान कपाळावरची विजेरी पळवत नाही.

सांजवाट

सर्वांचे मनापासून आभार. समितीसमोर हा संपूर्ण धागा वाचून दाखवला आणि बेत बदलला. गुरुवारी रतनवाडीत आणि शुक्रवारी कुमशेतमध्ये प्रत्येकी पाच घरांत जेवण सांगितले आहे. भात, आमटी, एक भाजी आणि माणशी एक भाकरी. पावभाजी आणि गुलाबजाम रद्द झाले आहेत. शनिवारी गडावर मुगाची खिचडी आणि सूप असेल. दोन्ही तटांनी माघार घेऊन असे ठरले की वीस लिटरची दोन पातेली आणि दोन रुंद शेगड्या घ्यायच्या. शेगडीपाशी मोठे माणूस असेल, पण पाणी मोजणे, शिधा सोडणे, ढवळणे आणि वाढणे हे सहा तुकड्या आळीपाळीने करतील. कुमशेतला आमटीसोबत एका तुकडीला भाकरी थापायलाही शिकवण्याची विनंती केली आहे. पातेली आणि गॅस पाचनईहून वर नेण्यासाठी गावातील दोघांशी बोलणे झाले आहे. दोन गटांत जाण्याचा पर्याय जाणत्या माणसांच्या कमतरतेमुळे या वर्षी जमणार नाही.

अर्जात पथ्यांचा रकाना घातला. एका मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी निघाली आणि सात मुले शनिवारचा उपास करतात, असे कळले. चटणी आता तीळ-खोबऱ्याची होईल. उपासाच्या सात जणांसाठी शनिवारी रात्री साबुदाण्याची वेगळी सोय करावी का, एवढा एकच प्रश्न उरला आहे.

जुना_भटक्या

विभागणी उत्तम केलीत. एवढीच भर घालतो की सूप आधी, म्हणजे पोहोचल्यापासून तासाभरात मुलांच्या हातात पडले पाहिजे. मग खिचडीला आठ वाजले तरी कोणी कुरकुरत नाही.

आळशी_आचारी

वाढताना मुलांना रांगेत उभे करू नका, तुकडीवार गोलात बसवा आणि वाढप्यांना फिरवा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एकच डाव वाढावा आणि शेवटच्या मुलाच्या ताटात पडेपर्यंत दुसरी फेरी सुरू करू नये. वाढपी सर्वांत शेवटी जेवतात, त्यामुळे ते जपून वाढतात.

मीठभाकर

सांजवाट, शनिवारचा उपास बहुतेक घरांत रात्री जेवून सोडतात, तेव्हा ती सात मुले खिचडी आनंदाने खातील. अडचण येईल ती त्यांच्या दुपारच्या खाण्याची. चढाच्या दिवशी ती उपाशी चालायला नकोत, म्हणून त्यांच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि केळ्याचे वेफर आधीच टाका. शेंगदाण्याचा लाडू मात्र त्यांच्याही पिशवीत नको, कारण खाऊ वाटून खाल्ला जातोच. साबुदाणा भिजवायला पाणी आणि वेळ दोन्ही लागतात, त्या भानगडीत पडू नका. आणि कुमशेतला भाकरी शिकायला येणाऱ्या तुकडीला दुपारी चारलाच पाठवा. साताला आलात तर त्या बायांना तुमच्याकडे बघायलाही सवड नसेल.

सांजवाट

चारची वेळ कळवून टाकली आहे. त्या दिवशी खिंड उतरायला उशीर होऊ नये म्हणून रतनवाडीहून सकाळी साडेसहाला निघू.

रानपाखरू

दिनदर्शिकेत त्या आठवड्यात संकष्टी येते का, हेही एकदा पाहून घ्या. नाहीतर चंद्रोदय होईपर्यंत दोन-चार जण पातेल्याजवळ बसून राहतील आणि त्यांच्यासाठी शेगडी पुन्हा पेटवावी लागेल.